जुन्या कंपासपेटीचा वास आणि आठवणींची वाट

बरीच वर्षे बंद राहिलेली कंपासपेटी उघडली, की खोडरबर प्लॅस्टिकच्या फूटपट्टीला घट्ट चिकटून बसलेले पुष्कळदा दिसते. ते ओढून काढले तर पट्टीवर त्याच्या आकाराचा खोलगट, चिकट ठसा उरतो. पांढरी मऊ खोडरबरे बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकची असतात. मूळचे पीव्हीसी टणक असते, म्हणून त्याला लवचीक करण्यासाठी त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळतात. हा पदार्थ प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो नुसता त्यात मुरलेला असतो. त्यामुळे त्याचे रेणू वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपतात, शेजारच्या पट्टीत शिरतात आणि तिचा पृष्ठभागही मऊ करून टाकतात. पेटी बंद असली तरी आतल्या वस्तू स्वस्थ नसतात, आणि या जुन्या शालेय वस्तू आपल्याला इतक्या का हलवून सोडतात याचा एक धागा नेमका या अस्वस्थपणात सापडतो.

वास येतो म्हणजे वस्तूचा काही अंश, रेणूंच्या रूपाने का होईना, तिच्यापासून सुटून आपल्या नाकापर्यंत पोहोचलेला असतो. मेणाच्या रंगीत खडूंना जो ओळखीचा वास असतो, त्यात पॅराफिन मेणासोबत मिसळलेल्या स्टिअरिक आम्लाचा मोठा वाटा आहे. जुन्या वहीचा वास तर सरळसरळ तिच्या झिजण्याचा वास आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात सेल्युलोजबरोबर लिग्निन नावाचा पदार्थ राहून जातो. हवा आणि प्रकाश यांच्या संपर्काने लिग्निन बदलत जाते, कागद पिवळा पडतो, आणि या विघटनातून बाहेर पडणाऱ्या अनेक वायुरूप संयुगांमध्ये व्हॅनिलाच्या शेंगेला सुगंध देणारे व्हॅनिलिनही असते. जुन्या कागदातून निघणारी ही संयुगे मोजून त्याची प्रकृती कशी आहे याचा अंदाज बांधता येतो, असे संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिले. जो वास आपण डोळे मिटून भरून घेतो, तो त्या वहीचे आयुष्य कमी होत असल्याची खूणही असतो, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत हृद्य सत्य वाटते.

शिसपेन्सिलीचे मात्र थोडे निराळे आहे. तिचे ‘शिसे’ म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे भाजून काढलेले मिश्रण. ही पद्धत निकोला-जाक काँते या फ्रेंच संशोधकाने 1795 मध्ये रूढ केली. या मिश्रणाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. पेन्सिलीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो तिच्या लाकडाचा असतो. सीडार जातीचे लाकूड मऊ आणि सरळ धाग्याचे असल्यामुळे सुबक छिलता येते, म्हणून चांगल्या पेन्सिलींसाठी ते पूर्वापार वापरले गेले, आणि त्यात सुगंधी तेले असतात. वरच्या थरातले तेल काळाच्या ओघात उडून गेले तरी रंगाच्या लेपाखाली, लाकडाच्या आत ते टिकून राहते. म्हणूनच कित्येक वर्षे पडून असलेल्या पेन्सिलीला टोक केले, तर सोलून निघणाऱ्या पापुद्र्याबरोबर लाकडाचा ताजा भाग उघडा पडतो आणि तो वास पुन्हा येतो. जपून ठेवलेल्या वस्तूंपैकी फारच थोड्यांना हे साधते.

आता हे रेणू नाकात शिरल्यावर काय होते ते पाहू. नाकाच्या वरच्या भागातील पेशींवर गंध टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही असतात. ते घडवणाऱ्या जनुकांचे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी 1991 मध्ये शोधून काढले आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, म्हणजे बाह्यकाकडे, जाताना थॅलॅमस या मधल्या ठाण्यातून जातात. गंधाचा संदेश या ठाण्यावर न थांबता मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदातून थेट गंधाच्या बाह्यकात आणि भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डालात पोहोचतो, आणि तेथून आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस अगदी जवळ असतो. म्हणूनच वासाला नाव सुचण्याआधी मन भरून येते.

वासाने जाग्या होणाऱ्या आठवणींचे वयही वेगळे असते. माणसाला आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारणतः 10 ते 30 या वयातील आठवणींची गर्दी होते. मात्र 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात ज्येष्ठ नागरिकांना शब्द, चित्रे आणि वास असे तीन प्रकारचे संकेत देण्यात आले, तेव्हा शब्द आणि चित्रे यांनी प्रामुख्याने 11 ते 20 वर्षांच्या वयातले प्रसंग जागे केले, तर वासांनी दहाव्या वर्षाच्याही मागे नेले. प्राथमिक शाळेचे वय ते हेच. या वयात कित्येक वास आपल्याला प्रथमच भेटतात आणि ते पहिल्या प्रसंगाशी घट्ट बांधले जातात, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

तरीही येथे सावध राहायला हवे. वासाने आलेली आठवण अधिक भावनिक असते, आपण त्या काळात परत गेलो आहोत असे तीव्रतेने वाटते. परंतु म्हणून ती अधिक अचूक असते असे नाही. मेंदूशास्त्रज्ञ करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की भीतीची पक्की झालेली आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ अस्थिर होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. माणसाच्या आठवणीही उजळणीत बदलतात, हे मानसशास्त्राला त्याआधीपासून माहीत होते.

गतकाळाच्या ओढीला एकेकाळी आजार मानले जाई. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरापासून दूर राहणाऱ्यांच्या अशा व्याकुळतेचे वर्णन रोग म्हणून केले आहे. आज चित्र उलटे आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी 2006 पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार एकटेपणा आणि उदासी ही ओढ जागी करतात, आणि ती जागी झाल्यावर आपल्याला माणसे आहेत ही जाणीव बळावते.

मग हुबेहूब नवी प्रतिकृती का पुरत नाही? ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना वस्तूची तंतोतंत नक्कल करते असे भासणारे एक यंत्र दाखवले. ज्यांना एखादी वस्तू कुशीत घेऊन झोपायची सवय होती, त्यांपैकी काही मुलांनी ती यंत्रात ठेवायलाच नकार दिला, आणि ज्यांनी ठेवली त्यांतल्या बहुतेकांना आपली मूळ वस्तूच परत हवी होती. वस्तूच्या दिसण्यापेक्षा तिच्या इतिहासाला मोल असते, हे एवढ्या लहान वयातही कळत असते.

मूळ वस्तू टिकवायची तर खोडरबर प्लॅस्टिकपासून वेगळे, कागदात गुंडाळून ठेवावे. सेल्युलॉइड या जुन्या काळच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि कोनमापके वह्यांजवळ ठेवू नयेत, कारण सेल्युलॉइड विघटित होताना नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडे सोडते आणि ती शेजारच्या कागदाला व धातूला खातात. वास राहावा म्हणून डबा हवाबंद करण्याचा मोह होतो, पण जुन्या कागदातून निघणारी आम्लेही मग आतच कोंडतात आणि झीज वाढते. माझ्या मते वह्यांसाठी आम्लविरहित कागदी पाकीट आणि थंड, कोरडी, अंधारी जागाच बरी, पेन्सिली मात्र खुशाल बंद डब्यात ठेवाव्यात. प्रत्येक वस्तूसोबत ती कोणाची, कोणत्या इयत्तेतली, कोणी दिलेली, हे एका चिठ्ठीवर आजच लिहून ठेवावे, आणि ते शिसपेन्सिलीने लिहावे. पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची शाई उजेडाने फिकट होते व ओलाव्याने फुटते, तर ग्राफाइट हा निव्वळ कार्बन असल्यामुळे त्याच्यावर प्रकाशाचा किंवा पाण्याचा परिणाम होत नाही.