दहा अश्वशक्तीचा हिशेब

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली, पेट्रोल गाडी घेतली की पहिल्या सहा महिन्यांत दोन प्रश्न हमखास येतात. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा शेजारी विचारतात. ‘रिमॅप करून घ्यावं का?’ हा आपण स्वतःलाच विचारतो. रिमॅपवाला सांगतो, पिकअपही वाढेल आणि ॲव्हरेजही. ताकद जास्त आणि पेट्रोल कमी, हे ऐकून शाळेत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम घोकलेल्या माणसाची भुवई वर जाते. पण दावा अगदीच खोटा नाही. तो खरा आहे ती जागा मात्र आपण रोज गाडी चालवतो तिथे नाही.

बारावीला लॉगॅरिथमचं पुस्तक वापरलेल्यांना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, चटकन कळतो. उभ्या रकान्यात इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते, आडव्या ओळीत सिलिंडरमध्ये हवा किती भरली ते, आणि दोन्ही छेदतात त्या चौकटीत उत्तर. मधला आकडा हवा असेल तर शेजारच्या चौकटींवरून काढायचा, आपण मीन डिफरन्स बघायचो तसा. ठिणगी कधी टाकायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा, पेडल इतकं दाबलं म्हणजे ड्रायव्हरला नेमकं किती हवंय, सगळ्याचे असे वेगवेगळे तक्ते असतात. त्यांना मॅप म्हणतात. रिमॅप म्हणजे या चौकटींतले आकडे बदलणं. एक स्क्रूही फिरत नाही.

आता गाडीला मुळात लागतं किती ते पाहू. चाकणला बनणाऱ्या एक लिटरच्या तीन सिलिंडरी टर्बो गाड्यांच्या कागदावर ११५ अश्वशक्ती लिहिलेली असते. तेवढ्या आकाराची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने एकसारखी चालली, तर हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला चाकांपाशी जेमतेम दहा अश्वशक्ती पुरते. एसी लावा, गिअरबॉक्समधलं घर्षण धरा, तरी इंजिन आपल्या कुवतीच्या सातव्या-आठव्या हिश्शावरच रमतगमत चाललेलं असतं. थ्रॉटलची झडप बरीचशी मिटलेली, आणि पिस्टन त्या फटीतून हवा ओढत असतो, बारीक स्ट्रॉमधून घट्ट मस्तानी ओढावी तसा. या ओढाताणीत खरंच पेट्रोल जातं. आणि या अवस्थेत टर्बो जवळजवळ नुसता फिरत असतो. त्याचा दाब वाढवण्यासाठी तक्त्यात काहीही लिहा, तो मागितलाच जात नाही.

इथे मिश्रणाचं काय? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, आणि ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत तेच प्रमाण सांभाळत असतो. ‘मिश्रण जरा पातळ करतो, वाचेल पेट्रोल’ असं कोणी म्हणालं तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसला की ईसीयू लगेच पेट्रोल वाढवून प्रमाण जागेवर आणतो, त्याचं काय करणार? आणि सेन्सरलाच गप्प केलं, तर एक्झॉस्टमधले विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काय? नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं परत नायट्रोजन करायला त्याला एक्झॉस्टमध्ये जादा ऑक्सिजन चालत नाही. पेट्रोल थोडं वाचेल, पण विषारी वायू मागच्या रिक्षावाल्याच्या नाकात जाईल.

शिवाय या हलक्या भाराच्या भागात कंपनीने आधीच सगळं पिळून काढलेलं असतं. पुणेकर ज्या संस्थेच्या नावाने टेकडी ओळखतात त्या एआरएआयसारख्या वाहनचाचणीच्या ठिकाणी गाडी रोलरवर चढते आणि ठरवून दिलेल्या वेगांच्या आलेखाप्रमाणे पळते. त्यात कमाल वेग ताशी ९० चा. भार बहुतेक वेळ हलकाच. जाहिरातीतला आकडा तिथून येतो, आणि कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर सरकारचं बंधनही आहे. इतकं पणाला लागलेलं असताना कॅलिब्रेशन, म्हणजे हे तक्ते भरण्याचं काम, करणाऱ्या इंजिनिअरांनी या चौकटींत सहज वाचणारं पेट्रोल तसंच सोडलं असेल, हे मला पटत नाही.

मग वाव कुठे आहे? खंडाळ्याच्या घाटात. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, मे महिना.

इथे टर्बो खरा कामाला लागतो आणि इथेच नॉकिंगचं भूत उभं राहतं. ठिणगीने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. ३००० फेऱ्यांवर क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, एक अंश फिरतो सेकंदाच्या अठरा हजाराव्या भागात, आणि अशा दोन-चार अंशांवर सगळा खेळ असतो. सर्वांत जास्त दाब पिस्टन माथ्यावरून साधारण १५ अंश खाली आल्यावर मिळाला, तर त्याच पेट्रोलमधून जास्तीत जास्त काम निघतं. पण टर्बोने कोंबलेली गरम हवा आणखी दाबली गेली की ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. तो टकटक आवाज म्हणजे नॉकिंग. तो टाळायला ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. उशीर झाला की पिस्टनला ढकलायची ऊर्जा एक्झॉस्टमधून उष्णता होऊन निघून जाते. ती उष्णता टर्बोला झेपेना, की त्याला थंड ठेवायला ईसीयू जास्तीचं पेट्रोल ओततो. हे पेट्रोल जळण्यासाठी नसतंच, ते केवळ गारव्यासाठी असतं! घाटात ॲव्हरेज कोसळतं त्यात चढाचा वाटा मोठा असला तरी या गारव्याचाही वाटा असतो.

या दुखण्यावर स्वीडनच्या साब या मोटार कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेला उपाय मला आजही फार आवडतो. इंजिनाच्या ठोकळ्याला त्यांनी कान लावला: नॉकिंगची थरथर ऐकणारा सेन्सर. ती ऐकू आली की इलेक्ट्रॉनिक पेटी टर्बोचा दाब क्षणभर उतरवायची, थांबली की परत चढवायची. पेर गिलब्रांड या इंजिनिअरचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. आधीच्या टर्बो इंजिनांत सगळ्यांत वाईट पेट्रोल गृहीत धरून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती दाबतो ते, कमी ठेवावं लागे. त्याची किंमत गाडी रोज चुकवायची, अगदी टर्बो झोपलेला असतानाही. कान आल्यावर कॉम्प्रेशन वाढवता आलं आणि चांगलं पेट्रोल मिळालं तर त्याचा फायदाही घेता आला.

आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीला हा कान आहे. तरी कंपनीला तक्ते लिहिताना कमी ऑक्टेनचं, म्हणजे लवकर नॉकिंग होणारं, साधं पेट्रोल, नागपूरचा उन्हाळा आणि तीन वर्षं न बदललेला एअर फिल्टर हे सगळं धरून चालावं लागतं. तुम्ही कायम जास्त ऑक्टेनचं भरणार असाल, तर ठिणगी दोन-तीन अंश आधी आणता येते आणि जास्त भाराखाली थोडं पेट्रोल खरंच वाचतं. दुसरा फायदा गिअरचा. कमी फेऱ्यांवर टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ, वाढला की चौथ्याऐवजी पाचव्यात गाडी ओढते, आणि तेच काम कमी फेऱ्यांत झालं की घर्षण आणि ती मस्तानीवाली ओढाताण दोन्ही घटतात. रिमॅप केलेल्यांना हायवेवर फरक जाणवतो तो बहुधा यामुळे. अर्थात नवा पिकअप मिळाल्यावर कोणी शांतपणे पाचव्यातच चालवत बसतं का, हा विज्ञानाबाहेरचा प्रश्न आहे.

यात एक सापळाही आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेरे आणि जास्त दाब एकत्र आले, की कधी कधी ऑईलचा सूक्ष्म थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतो. हे साधं नॉकिंग नव्हे, एका झटक्यात पिस्टन फुटू शकतो. म्हणून या इंजिनांची ऑईलंच वेगळ्या रसायनाची करावी लागली. रिमॅपवाला कमी फेऱ्यांवर टॉर्क भरभरून देतो, तेव्हा तो बरोबर याच कोपऱ्यात शिरत असतो. वॉरंटीचं काय, तर अनेक ईसीयूंत प्रोग्राम किती वेळा लिहिला याची मोजदाद राहते, म्हणजे रिमॅप लपून राहीलच असं नाही.

आणि फरक पडला हे ठरवायचं कसं? डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा पेट्रोल मोजत नाही, इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, किती वेळ उघडा होता त्यावरून अंदाज काढतो. रिमॅपमध्ये इंजेक्टरचा किंवा पेट्रोलच्या दाबाचा हिशेब बदलला असेल, तर तो आकडा सहज खोटा बोलेल. टाकी काठोकाठ, पंप तोच, टायरमधली हवा तीच, निदान चार-पाच टाक्या, आणि वहीत लिटर व किलोमीटर. त्यातही मधल्या काळात पेट्रोल बदललेलं नसावं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे १० टक्क्यांचं मिश्रण २० टक्क्यांवर गेलं की लिटरमागे साडेतीन टक्के ऊर्जा तिथेच गेली. रिमॅपची सगळी कमाई त्यात बुडू शकते.

घाट उतरताना मात्र आपल्याकडचे पुष्कळ लोक, रिमॅपवाले आणि बिनरिमॅपवाले दोघेही, गाडी न्यूट्रल करतात. गिअरमध्ये ठेवून पाय पेडलवरून उचलला, तर चाकंच इंजिन फिरवतात हे ओळखून ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो. त्या वेळी पेट्रोल अक्षरशः शून्य. न्यूट्रल केलं की बिचाऱ्याला इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल पुन्हा सोडावं लागतं.