आजींची परात

साताऱ्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरात आजी सकाळचा चहा झाल्याचं दहा मिनिटांत विसरतात, सुनेला कधीकधी बहीण समजतात. पण ज्वारीच्या पिठाचा गोळा पुढे आला की अशी गोल भाकरी थापतात की कडेला एक चीर नाही. घरच्यांना बरेच दिवस वाटायचं, म्हातारी सोंग करते.

सोंग नव्हे, हा अल्झायमर, आठवणी पुसत नेणारा मेंदूचा आजार. काल कोण आलं, सकाळी काय खाल्लं, हे साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो. अल्झायमरचा घाव बहुधा सुरुवातीलाच तिथे बसतो. हाताला लागलेली सवय मात्र मेंदूच्या खोलातल्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूच्या भरवशावर असते. तिथवर आजार सहसा उशिरा पोचतो.

मग आजींना ओट्यापाशी जाऊ द्यायचं का? एकदा जाऊ दिलं, तर गॅस तसाच चालू राहिला. तेव्हापासून सून म्हणायची, “आत्या, तुम्ही बसा, मी करते.” जन्मभर घराला जेवू घातलेली बाई भिंतीकडे बघत बसली. यातून तिसरी वाट काढणं हे ऑक्युपेशनल थेरपीचं काम. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात आणि ऐकणाऱ्याला दुकान आठवतं. इथे व्यवसाय म्हणजे माणूस रोज ज्यात गुंततो ते सगळं, अगदी अंघोळ आणि लुगडं नेसणंसुद्धा.

थेरपिस्ट आधी काम फोडून बघतो. पीठ काढणं, पाणी तापवणं, मळणं, थापणं, तव्यावर टाकणं, पाणी फिरवणं, उलटणं. आजींचं घोडं अडत होतं ते गॅसपाशी आणि ‘आता पुढे काय’ यापाशी. म्हणून गॅस सुनेकडे गेला. आजींपुढे फक्त परात, पीठ आणि कोमट पाणी, बाकी पसारा हलवला. “आठवतंय का?” असं विचारायचं नाही, परात पुढे सरकवायची. चुकू देऊन मग सांगण्यातही अर्थ नाही, कारण सांगितलेलं विसरलं जातं आणि चूक हातात बसते.

याने आजार थांबत नाही. नेदरलँड्समध्ये स्मृतिभ्रंशाच्या 135 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (2006) थेरपिस्टने पाच आठवड्यांत घरी दहा भेटी दिल्यावर रोजची कामं सुधारली. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये तीच पद्धत वापरली, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. ज्या उपचाराचं अर्धं औषध घरच्या माणसांत असतं, तो सगळीकडे सारखा कसा लागू पडेल?

जाता जाता, फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेचं नाव ज्यांच्यावरून पडलं, त्या अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाईंनीच 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं भारतातलं पहिलं विद्यालय काढलं.

गेल्या महिन्यापासून आजी थापता थापता मध्येच थांबतात. मग सून काही न बोलता समोर दुसरी परात घेऊन बसते, थापायला लागते. तिच्या हाताकडे बघत आजींचा हात परत फिरू लागतो.