वीतभर नर सॅल्मन रोगट नसतो

नदीत जन्मून समुद्रात वाढणारा नर सॅल्मन मासा तिथून परतल्याशिवाय वयात येत नाही आणि नदीतच पिकलेला वीतभर नर ही विकृती असते, हा जुना समज अटलांटिक सॅल्मनच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. स्कॉटलंडमध्ये जॉन शॉ या सॅल्मनच्या अभ्यासकांनी १८३०च्या दशकातच अशा नराच्या शुक्ररसाने मोठ्या मादीची अंडी फळवून दाखवली होती. अंगात पुरेशी चरबी साठली आणि दिवसमान बदलू लागले, की मेंदूच्या इशाऱ्यावरून पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते, त्याने वृषणे वाढतात, ११-किटोटेस्टोस्टेरॉन हे माशांतले नर-संप्रेरक तयार होते आणि शरद ऋतूत पोट हलकेच दाबले तरी दुधासारखा शुक्ररस बाहेर येतो. विणीच्या वेळी हा चिमुकला मोठ्या जोडीजवळ दबा धरतो, ऐन क्षणी मध्ये घुसतो आणि खरोखरच बाप होतो.