समवाय, टकळी आणि क्यूआर कोड

सोलापुरी चादर पडद्यावर दाखवून त्याच तासात तिच्या नक्षीची भूमिती, कापसाचा भूगोल आणि गिरण्यांचा इतिहास शिकवता येतो. यातला पडदा नवा आहे. विषय जोडण्याचा विचार मात्र आपल्याकडे बराच जुना.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. शिक्षकांत या जोडणीला ‘समवाय’ हा शब्द रुजला. टकळीवर कातलेले तार मोजले की गणित, कापसाला काळी जमीन का लागते हे पाहिले की भूगोल. मागांच्या सोलापुरात यासाठी साहित्य शोधत फिरायची गरज नव्हती. पण अशा हस्तोद्योगातून शिकवणाऱ्या बुनियादी शाळा मागे पडल्या आणि विषय पुन्हा वेळापत्रकाच्या चौकटींत गेले. खालच्या वर्गांतल्या ‘परिसर अभ्यासा’त तेवढा तो धागा टिकला.

तंत्रज्ञान वेगळ्या वाटेने आले. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर 6 राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत उपग्रहावरून शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचली. सोलापूरशेजारचे विजापूर आणि गुलबर्गा जिल्हे त्यात होते. महाराष्ट्र त्या 6 राज्यांत नव्हता. पुढे शाळांत संगणक आला, तोही आणखी एक वेगळा विषय होऊन.

क्यूआर कोड जपानमध्ये 1994 साली मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार झाला. त्याला पाठ्यपुस्तकात आणले ते सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत 2009 साली रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. पुस्तकातला कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, व्हिडिओ, गोष्ट, स्वाध्याय समोर येई. 2017 मध्ये राज्याने ही कल्पना सर्व इयत्तांसाठी स्वीकारली. 2020 च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’चे 10 लाख डॉलर मिळाले, तेव्हा गुरुजींनी निम्मी रक्कम इतर 9 अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. ती बातमी ऐकताना जिल्ह्यातल्या प्रत्येक झेडपी शिक्षकाची मान ताठ झाली असेल.

तरी मला समवायाचे काम अर्धेच झालेले दिसते. मराठीच्या पुस्तकातला कोड बहुधा मराठीचाच धडा उघडतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीवरून दुष्काळाच्या इतिहासाकडे आणि तिथून बाजारभावाच्या गणिताकडे मुलांना न्यायचे ते बाईंनी किंवा गुरुजींनीच, आणि त्यासाठी वेळापत्रकात अजून तासिका नाही.