केबलच्या तारेत तांबे किती?

घरोघरी फायबर पोहोचल्यापासून इमारतींच्या गच्च्यांवर आणि जिन्यांच्या भिंतींलगत टीव्हीच्या जुन्या केबलची भेंडोळी पडून राहिलेली दिसतात. केबल कापली की मधोमध तांबूस तार चमकते, आणि तांब्याचा भाव ठाऊक असलेल्या कुणालाही ती सोलून विकावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सुरी हातात घेण्याआधी त्या तारेला चुंबक लावून पाहावे. घरगुती जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या आरजी-६ प्रकारच्या बहुतेक केबलची तार चुंबकाला चटकन चिकटते. ती आतून पोलादाची असते. तांबे असते ते वरच्या पातळ थरापुरतेच.

यात ग्राहकाची फसवणूक नाही. विद्युतप्रवाहाची वारंवारता जितकी जास्त, तितका तो वाहकाच्या पृष्ठभागालगत एकवटतो आणि गाभ्यातून जवळजवळ वाहतच नाही. तांब्यात १०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेला प्रवाह वाहणाऱ्या या पृष्ठभागालगतच्या थराची खोली सुमारे ६.६ मायक्रोमीटर असते, तर १ गिगाहर्ट्‌झला ती २ मायक्रोमीटरच्या आसपास येते. टीव्हीचे संकेत साधारण याच पट्ट्यातले असल्यामुळे आतला गाभा पोलादाचा असला तरी त्यांचे काही अडत नाही. उलट पोलादाचा ताठपणा उपयोगीच पडतो, कारण टीव्हीच्या मागे पिळून बसवायच्या कनेक्टरमध्ये वेगळी पिन नसते; केबलची तारच पिन म्हणून आत शिरते.

आता हिशेब पाहू. आरजी-६ ची मधली तार १.०२ मिलिमीटर जाड असते, म्हणजे १०० मीटर तारेचे घनफळ सुमारे ८२ घनसेंटिमीटर भरते. ती अस्सल तांब्याची असती, तर तिचे वजन ७३० ग्रॅमच्या घरात गेले असते. पोलादी गाभ्याच्या तारेत घनफळाच्या सहा ते आठ टक्केच तांबे धरता येते, म्हणजे ४५ ते ६० ग्रॅम. भंगारातल्या तांब्याचा भाव किलोला ७०० रुपये धरला, तर सुमारे चार किलो वजनाचे अख्खे भेंडोळे सोलून त्यातल्या तांब्याचे मोल होते फार तर चाळीसएक रुपये, आणि तेही तांबे पोलादापासून वेगळे करता आले तरच. बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. तिच्याखालचा चंदेरी पापुद्रा प्लॅस्टिकला चिकटवलेला असल्यामुळे स्वच्छ धातू म्हणून विकला जात नाही.

खरी अडचण यापुढची आहे. केबलचा बारीक चुरा करणाऱ्या कारखान्यात हवेच्या झोताने हलके प्लॅस्टिक उडवतात आणि चुंबकाने लोखंड ओढून घेतात. तिथे ही तार लोखंडाबरोबर जाते आणि तिचे तांबेही सोबत नेते. ते लोखंड पोलादाच्या भट्टीत गेले की तांबे उपद्रवी ठरते. लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग तांब्याच्या आधी होत असल्यामुळे वितळलेल्या पोलादातून तांबे ऑक्साइडच्या रूपाने मळीत काढून टाकता येत नाही. पुढे लाटण्यासाठी पोलाद ११०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवले, की पृष्ठभागावरचे लोखंड गंजून पापुद्र्यात जाते आणि मागे राहिलेले तांबे त्या पापुद्र्याखाली साचते. तांब्याचा द्रवणांक १०८५ अंश आहे. द्रवरूप झालेले तांबे पोलादाच्या कणांमधल्या सीमारेषांत झिरपते आणि लाटताना पत्र्याला भेगा पडतात. म्हणून दर्जेदार पत्रा बनवणारे कारखाने भंगारातल्या तांब्याबाबत काटेकोर असतात. तांबे गाळणाऱ्याच्या दृष्टीने ही तार म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक लोखंड, आणि पोलाद बनवणाऱ्याच्या दृष्टीने ती दूषित लोखंड.

सोलण्याचा त्रास वाचवण्यासाठी केबल जाळणे हा तर सर्वांत वाईट मार्ग आहे. केबलचे बाहेरचे आवरण बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते, आणि धूर निवत असताना तांबे उत्प्रेरकाचे काम करून डायॉक्सिन ही अतिविषारी क्लोरीनयुक्त रसायने तयार होण्यास हातभार लावते. घानाची राजधानी अक्रा येथील अग्बोग्ब्लोशीमध्ये वर्षानुवर्षे केबली जाळल्या गेल्या; तिथल्या मोकाट कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिनचे अतिशय मोठे प्रमाण आढळल्याचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. चाळीस रुपयांच्या तांब्यासाठी मोजलेली ही किंमत मला कोणत्याही हिशेबात मान्य होण्यासारखी वाटत नाही.

काही कोअ‍ॅक्सियल केबली, म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्याच मधे तार आणि भोवती जाळी असलेल्या केबली, मात्र सोलण्याजोग्या असतात. रेडिओ प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या आरजी-२१३ केबलमध्ये ०.७५ मिलिमीटरच्या तांब्याच्या सात तारा पिळलेल्या असतात. १०० मीटरमागे त्यांचेच वजन पावणेतीन किलो होते, आणि भोवतीची दाट जाळीही तांब्याचीच असल्यामुळे प्रत्यक्ष उत्पन्न याहून बरेच अधिक निघते. मोबाइलच्या मनोऱ्यांवरच्या जाड केबलींत बहुधा बाहेरून तांब्याची वळीदार नळी असते, आणि त्याही उत्तम भावाने जातात. सीसीटीव्हीच्या केबलबाबत मात्र चुंबकावर विसंबू नये, कारण त्यांत अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते आणि ते चुंबकाला चिकटत नाही. अशी तार कानशीने थोडी घासली की आतला पांढरा धातू उघडा पडतो. चुंबकाला चिकटणारी आरजी-६ न सोलता, अख्खी केबल म्हणूनच वजनावर द्यावी, आणि ती धड असेल तर डिश अँटेनासाठी पुन्हा वापरणे त्याहून फायद्याचे.