रोयणीचा श्वास

आषाढात एका मित्राने व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली. गोव्यात पेडण्याकडे किनाऱ्यालगत तीन दिवसांचं शिबिर. निसर्गाशी एकरूप व्हा, प्राण्यांशी नातं जोडा, मातीची स्पंदनं अनुभवा. दुसऱ्या दिवशी पहाटे ‘पवित्र वारुळाभोवती ध्यान’. वारुळातून निघणारी ऊर्जा शरीरातली चक्रं जागी करते, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. फी वाचूनच माझी चक्रं जागी झाली.

मित्राचा प्रश्न होता, "तू सायन्सवाला ना? यात काही तथ्य?"

ऊर्जेबद्दल म्हणशील तर काही नाही, असं मी त्याला कळवलं. पण वारुळातून काहीतरी निघतं हे खरं आहे. तो कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तो जास्त करून रात्री बाहेर पडतो. म्हणजे पहाटेची वेळ तरी आयोजकांनी बरोबर साधली होती. तो हसला. मला मात्र त्या ‘रात्री’ शब्दाने पुन्हा जुन्या नादाला लावलं.

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, आणि रोयण म्हणजे सातेरी. आमच्याकडच्या कितीतरी गावांची ती ग्रामदेवता. अनेक देवळांच्या गाभाऱ्यात घडवलेली मूर्ती नसते, जमिनीतून वर आलेलं मातीचं वारूळच असतं. कुठे त्याला मुखवटा चढवतात, कुठे साडी नेसवतात. पुढे शांतादुर्गा आली, महिषासुरमर्दिनी आली, पण नुसत्या मातीचा तो उंचवटा बऱ्याच ठिकाणी हलला नाही. डोंगरउतारावर बागायत करतानाही जुना माणूस रोयणीला वळसा घालूनच कुंपण घालतो. निसर्गाशी नातं जोडायला इथल्या माणसाला शिबिराची गरज कधी पडली नव्हती.

आता एक जुना गैरसमज. वारूळ मुंग्या बांधतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. बांधते वाळवी. तिला इंग्रजीतही पांढरी मुंगी म्हणत, पण वाळवीचं गोत्र मुंगीचं नाही, झुरळाचं आहे. मुंग्यांच्या वसाहतीत कामकरी सगळ्या माद्या असतात, वाळवीत नर आणि मादी दोन्ही राबतात, आणि राणीबरोबर राजाही जन्मभर नांदतो. जगात वाळवीच्या सुमारे ३ हजार जाती आहेत, त्यातल्या आपल्या चौकटी-कपाटांवर उठणाऱ्या थोड्याच. नाग वारुळात राहतो हे खरं, पण ते घर त्याचं नव्हे. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण जीवशास्त्राच्या पेपरात लिहिली तरी पूर्ण मार्क मिळतील. नागपंचमीला त्या भोकात ओतलेलं दूध मात्र नाग पीत नाही. तो उंदीर-बेडकांवर जगणारा प्राणी, दूध पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. ते आत मुरतं आणि आंबतं.

वाळवी त्या मातीखाली करते काय? शेती.

काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना जेसीबीने एक मोठी रोयण अर्ध्यात कापली, तेव्हा ही शेती मला पहिल्यांदा जवळून बघायला मिळाली. आत मुठीएवढे, नारळाएवढे कप्पे. प्रत्येक कप्प्यात अक्रोडाच्या गरासारखा, घड्याघड्यांचा तपकिरी गोळा. बोटाने दाबला तर ओलसर भुसा. त्याच्या घड्यांवर राजगिऱ्याएवढे पांढरेशुभ्र दाणे, आणि त्या दाण्यांमधून धावणारी वाळवीची पिल्लं. वास भिजलेल्या लाकडाचा, किंचित गोडसर.

तो गोळा म्हणजे वाफा. कामकरी वाळवी सुकी पानं, काटक्या, गवत खाऊन येते, ते पोटातून घाईने पार होतं आणि वाफ्याच्या वरच्या बाजूला थापलं जातं. त्यासोबत बुरशीचे बीजाणूही, म्हणजे तिचं बियाणं, पेरले जातात. बुरशीचं नाव टर्मिटोमायसिस. लाकडातलं लिग्निन सहजी पचत नाही, ते ही बुरशी फोडते. वाळवी मग ते पांढरे दाणे खाते आणि वाफ्याचा खालचा, जुना झालेला भागही. वरून पेरणी आणि खालून कापणी, हंगामच नाही. माणूस शेती करायला लागून दहा-बारा हजार वर्षं झाली. ही जोडी सुमारे ३ कोटी वर्षं एकत्र आहे. यांच्या शेतातही तण उगवतं. स्युडोझायलेरिया नावाची दुसरी बुरशी दबा धरून असते, वाळवी निघून गेली की काही दिवसांतच वाफा तिच्या ताब्यात जातो.

आता खरी अडचण. बुरशी श्वास घेते, लाखो वाळव्या श्वास घेतात, आणि बाहेरून बघाल तर रोयण बंद. खिडकी नाही, धुराडं नाही. कुठे भोक पडलंच तर कामकरी मातीच्या गोळ्या घेऊन धावतात आणि ते लिंपून टाकतात. मग आतले जीव गुदमरत का नाहीत?

बाहेरची हवा भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपत असेल, हे सुचणारं पहिलं उत्तर. थोडं गणित करू, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. स्थिर हवेत वायूचे रेणू एकमेकांवर आपटत, भरकटत पसरतात. त्याला विसरण म्हणतात. त्याचा नियम विचित्र आहे: अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. हवेत कार्बन डायऑक्साइड किती झपाट्याने पसरतो हे सांगणारा आकडा सेकंदाला साधारण ०.१६ चौरस सेंटिमीटर. अंतराचा वर्ग करून त्याला या आकड्याने भागा. २ सेंटिमीटरसाठी उत्तर येतं २५ सेकंद. १ मीटरसाठी येतं सुमारे ६२ हजार सेकंद, म्हणजे १७ तास. अंतर ५० पट, वेळ २,५०० पट. सच्छिद्र मातीतून जाताना याहूनही जास्त. भिंत ओलांडायला विसरण पुरतं, पण खोलवरच्या वाफ्यापासून भिंतीपर्यंत यायला ते कुचकामी आहे. तेवढ्या वाटेवर वारा हवा. सेकंदाला २ सेंटिमीटर इतका मंद वारा असला, तरी तेच मीटरभर अंतर ५० सेकंदांत तुटतं.

हा वारा कोण वाहवतं? स्विस शास्त्रज्ञ मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ साली आफ्रिकेतल्या वारुळांवरून एक सुंदर कल्पना मांडली. वाळवी आणि बुरशी यांच्या उष्णतेने आतली हवा तापते, वर चढते, कडेच्या नळ्यांतून खाली येताना निवते आणि भिंतीतून वायूंची देवाणघेवाण करते. अनेक वर्षं पुस्तकांत हेच चित्र छापलं गेलं. दुसरा पक्ष म्हणाला, बाहेरचा वारा भिंतीवर आपटतो, तोच आतली हवा ढवळतो. दोन्ही पटण्यासारखं. पण वारुळाच्या आत हवा कुठल्या दिशेने वाहते हे नीट मोजलं कुणीच नव्हतं, कारण मोजणं महाकठीण. हवेचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर, आणि यंत्र आत घातलं रे घातलं की वाळवी त्यावर लगदा थापते.

ते मोजमाप बंगळूरला झालं. हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओडोंटोटर्मिस ओबेसस या भारतभर आढळणाऱ्या जातीची वारुळं निवडली. ओल्या चुन्यावर बोटं ओढल्यासारख्या उभ्या पन्हळ्या आणि फासळ्या असलेली वारुळं तुम्ही घाटात पाहिली असतील, तीच ही. यांच्या मध्यभागी जाड गाभा असतो, आणि बाहेर आलेल्या फासळ्यांत पोकळ उभ्या वाटा. संशोधकांनी काचेच्या मण्यांएवढे उष्णता-संवेदक आत घातले, लगदा चढायच्या आत नोंद घेतली आणि बाहेर काढले. असं दिवसा केलं, रात्री केलं.

उत्तर शाळेच्या भूगोलात होतं. खारे वारे आणि मतलई वारे! दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून वारा समुद्रावरून येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून उलटा वाहतो. वारुळात फासळ्या ही जमीन आणि गाभा हा समुद्र. सूर्य चढला की पातळ फासळ्या आधी तापतात, त्यांतली हवा वर जाते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. सूर्य मावळला की फासळ्या चटकन निवतात, गाभा अजून उबदार असतो, आणि चक्र उलटं फिरतं: हवा मधून वर, कडेने खाली. चोवीस तासांत एक येरझार. दिवसा तळाची हवा गार आणि जड, वरची तापलेली, त्यामुळे अभिसरण खालपर्यंत नीट पोचत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. रात्री तळ उबदार आणि वरचा भाग गार, की सगळा साठा ढवळून वर येतो आणि फासळ्यांच्या पातळ भिंतींतून निसटतो. शिबिराची पहाट मला आठवली ती इथे.

या अभ्यासातली एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. त्यांनी एक ओसाड वारूळही मोजलं, ज्यात वाळवी उरलेलीच नव्हती. तिथेही हवा तशीच फिरत होती! म्हणजे इंजिन आतल्या जिवांचं नाही. ते आकाराचं आहे, आणि इंधन आहे दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक. आमच्या जुन्या घरांतलं राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, हेच तत्त्व थोडंफार वापरतं, पण ते बांधणाऱ्या मेस्ताला आपण काय बांधतोय हे ठाऊक होतं. वाळवी आंधळी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पियर-पॉल ग्रासे यांनी १९५९ साली सांगितलं की प्रत्येक कामकरी फक्त आधीच्या बांधकामाला प्रतिसाद देते, आराखडा कुणाच्याच डोक्यात नसतो. राणी मनोमन हुकूम सोडते वगैरे कथा सोडून द्या. राणीला अंडी घालण्यातून सवड नसते.

उत्साही लोकांचं दुसरं टोकही असतं. झिंबाब्वेतल्या हरारेत १९९६ साली ईस्टगेट नावाची मोठी इमारत उभी राहिली, वातानुकूलनावर फारसं न विसंबता थंड राहणारी. ‘वाळवीचं तंत्र माणसाने चोरलं’ अशा मथळ्यांनी ती गाजली. इमारत उत्तम आहे. फक्त ज्या तंत्राचं नाव घेतलं जातं ते ल्यूशर यांच्या जुन्या चित्रातलं होतं, वाळवी तसं करत नाही.

आपल्याकडच्या निरीक्षणाचाही मान ठेवू. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे. जमिनीखालचं पाणी कुठे लागेल याच्या खुणा त्यात दिल्या आहेत आणि वारूळ त्यांत पुन्हा पुन्हा येतं. वाळवीला ओल लागतेच, तेव्हा कल्पना तपासण्याजोगी आहे. ती दिव्यदृष्टीतून आली असं मानायचं कारण नाही, रानात हिंडलेल्या माणसांच्या डोळ्यांतून ती आली.

आता पावसाळा आणि पोट. मिरगाचा पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या वाळवीचा गोंधळ उडतो आणि सकाळी ओसरीवर पंखांचा खच. जगली-वाचली जोडपी जमिनीत शिरतात आणि नवा संसार मांडतात. पण हात रिकामे. ओडोंटोटर्मिसची राणी माहेरून बुरशी घेऊन निघत नाही. पहिले कामकरी मोठे होऊन बाहेर पडायला काही आठवडे जातात आणि त्यांना बीजाणू बाहेरच शोधावे लागतात. ते येतात कुठून? त्याच सुमारास जुन्या रोयणींच्या वाफ्यांतून बुरशीचा लांब देठ मातीतून वर निघतो, टोकदार डोक्याने ढेकळं फोडतो आणि छत्री उघडतो. तीच आमची अळमी, रानातली अळिंबी. छत्रीतून बीजाणू झडतात, पावसाने मातीत बसतात, आणि नव्या घरातल्या पहिल्या शेतकऱ्याला बियाणं मिळतं.

श्रावणात मासळी-मटण बंद असलेल्या घरांत अळम्यांचं शाकुती झालं की शेजाऱ्यांना वासावरूनच कळतं. सागाच्या पानांत बांधलेले वाटे रस्त्याकडेला विकायला येतात, आणि त्यांतली बरीचशी अळमी कळ्याच असतात, न उघडलेल्या, कारण गिऱ्हाईक कळीच मागतं. बटन मशरूमसारखी यांची लागवड अजून कुणाला जमलेली नाही, वाळवीशिवाय ती पिकत नाहीत. म्हणजे रानातून येतील तेवढीच. गोवा विद्यापीठात कवकांवर काम केलेले डॉ. नंदकुमार कामत रानातली अळमी विकत घेऊ नका असं लोकांना सांगत आलेत. रोयणीला हात जोडणारे आम्हीच तिचं बियाणं उघडायच्या आत कढईत टाकतो. मीही टाकलंय, शंभराचा वाटा घासाघीस करून.

या वर्षी एकच उघडलेली छत्री एका वाट्यात चुकून आली. विकणारी बाई ती काढून टाकत होती, "ही पिकली रे भाऊ, घेऊ नको." मी मागून घेतली. देठ कापला, छत्री काळ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी वाटी उचलली तर कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखं फिकट गुलाबी चित्र उमटलेलं. प्रत्येक रेघ म्हणजे पापुद्र्यांमधून रात्रभर गळलेले बीजाणू. बायको म्हणाली, फ्रेम करून लाव. मी तो कागद पावसाच्या छत्रीखाली धरून मागच्या डोंगरावर नेला, रोयणीपासून थोडं दूर, जिथे जूनमध्ये पंख गळालेले दिसले होते तिथे, आणि झटकला. याने काही होईल असं मानायला माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. पाऊस जोरात आला, तसा मी खाली उतरलो.