पपेता पर ईडू आणि स्पॅनिश टॉर्तिया: दोन्हीत बटाटा-अंडंच, मग फरक काय?

बटाटा आणि अंडं घालून पोटभरीचा नाश्ता म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात, एक पारशांचं पपेता पर ईडू आणि दुसरी स्पेनची टॉर्तिया, आणि मग कुणीतरी म्हणतंच की अहो दोन्ही सेमच, एक मसाल्याचं आणि एक बिनमसाल्याचं. तसं नाहीये. मसाला हा सगळ्यात किरकोळ फरक आहे. मुद्दा हा की एकात अंडं बटाट्याच्या वर बसतं आणि दुसऱ्यात बटाटा अंड्याच्या आत जातो, बास, पण तेवढ्यावरून बटाटा कसा शिजवायचा, तेल किती लागणार, कुठला पॅन घ्यायचा आणि उरलं तर डब्यात जाईल का, सगळंच बदलतं.

त्यात आपल्याकडच्या हॉटेलांनी अजून घोळ घातलाय. मेन्यूवर 'स्पॅनिश ऑम्लेट' म्हणून जे येतं त्यात बरेचदा सिमला मिरची, टोमॅटो, कांदा, वर चीज असतं आणि बटाट्याचा पत्ताच नसतो. चवीला असेल छान पण स्पेनमधली बटाट्याची टॉर्तिया ती ही नव्हे. आणि मेक्सिकोची टॉर्तिया म्हणजे मक्याची नाहीतर गव्हाची पातळ पोळी, तिचा तर इथे काहीच संबंध नाही.

आधी पारशी प्रकार घेऊ, कारण तो आपल्याला अर्धा येतोच. पारशी स्वयंपाकात अमक्यावर अंडं, तमक्यावर अंडं असा अख्खा एक खाद्यप्रकार आहे: भेंडीवर, टोमॅटोवर, सलीवर म्हणजे त्या काडीसारख्या बारीक तळलेल्या बटाट्यावर, झालंच तर केळ्याच्या वेफर्सवरसुद्धा. पपेता म्हणजे बटाटा आणि ईडू म्हणजे अंडं, तर त्याची खालची भाजी म्हणजे जवळजवळ आपल्या काचऱ्याच. चार मध्यम बटाटे, साधारण 400 ग्रॅम, पातळ कापायचे, दोन-तीन चमचे तेलात जिरं, उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, आलं-लसूण परतायचं, हळद आवडत असेल तर चिमूटभर, मग बटाटे आणि मीठ, आणि वर झाकण. झाकणावर पाणी ठेवलं तर अजून बरं, आपल्या आज्या ताटात पाणी ठेवून भाजी शिजवायच्या तेच तंत्र, आतली वाफ गार झाकणाला लागून परत खाली पडते आणि भाजी करपत नाही. बारा-पंधरा मिनिटांत बटाटा मऊ होतो. मग भरपूर कोथिंबीर घालून भाजी पॅनभर सपाट पसरायची, चमच्याच्या पाठीने चार खळगे करायचे आणि प्रत्येकात एकेक अंडं. अंडं थेट पॅनमध्ये न फोडता आधी वाटीत फोडा, नाहीतर एक खराब निघालं की सगळी भाजी वाया.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की हा पदार्थ बिघडत नाही. अंडं पॅनला टेकलेलंच नसतं, मध्ये बटाट्याचा जाड थर असतो, त्यामुळे खालून आच कितीही वाढवली तरी अंडं लवकर होत नाही, फक्त खालचे बटाटे जळतात. अंडं शिजतं ते वरच्या वाफेवर. म्हणून झाकण घट्ट हवं, आच मंद हवी, आणि भाजी कोरडी वाटली तर कडेने चमचाभर पाणी सोडायचं म्हणजे वाफ धरते. पांढरं साधारण 62 अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं आणि पिवळं त्याच्या थोडं वर, 65 ते 70 च्या दरम्यान, म्हणजे पांढरं झालंय आणि पिवळं अजून मऊ आहे ही वेळ मोजून मिनिटभराची असते. चार मिनिटांनी झाकण उघडून बघा, अंडी फ्रिजमधली गार असतील तर थोडी जास्त लागतील.

काही घरांत अंडी अख्खी न फोडता फेटून वरून ओततात, आणि ते बघून लोकांना वाटतं ही टॉर्तियाच झाली. पण तेव्हासुद्धा अंडं वरच राहतं, खाली भाजी वेगळी दिसते, आणि कुणी ते उलटत नाही.

टॉर्तियाचं गणितच वेगळं. तिथे बटाटा आधी तेलात शिजतो. परतायचा नाही, तळायचा नाही, शिजवायचा. अर्धा किलो बटाटे पातळ काप करून, एक मोठा कांदा, आणि ते जवळजवळ बुडतील एवढं ऑलिव्ह ऑइल, म्हणजे छोट्या पॅनलासुद्धा 250-300 मिली सहज जातं. आकडा ऐकून दचकू नका, बटाटे सगळं तेल पीत नाहीत, नंतर गाळून बाटलीत भरायचं आणि भाज्यांना वापरायचं, स्पेनमध्येही घरोघरी तेच करतात. ऑलिव्ह ऑइल परवडत नसेल तर सूर्यफुलाचं चालेल, चव थोडी सपाट येईल एवढंच. आच मंद, तेलात नुसते हलके बुडबुडे दिसले पाहिजेत, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी काप चमच्याने दाबला की तुटला पाहिजे पण लाल व्हायला नको. कुरकुरीत झाला तर तो अंडं पटकन शोषून घेत नाही.

इथेच बटाटा कुठला घेताय ते महत्त्वाचं. कोल्ड स्टोरेजमध्ये फार गार ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, तो चवीला गोडसर लागतो आणि तेलात पडला की आतून शिजायच्या आधी बाहेरून तांबूस होतो. पपेता पर ईडूत ते खपून जातं, मिरची-कोथिंबिरीत कुणाला कळत नाही, उलट थोडा खरपूस छानच लागतो. टॉर्तियात लपायला जागाच नाही, कारण सामान म्हणजे बटाटा, अंडं, तेल, मीठ आणि घातला तर कांदा.

आणि तो कांदा! कांदा घालायचा की नाही यावरून स्पेनमध्ये लोक आपल्याकडे मिसळीवरून भांडतात तसे भांडतात, दोन्ही बाजूंना नावंसुद्धा आहेत, कांदेवाले आणि बिनकांदेवाले. गॅलिसियातल्या बेतान्सोस गावची टॉर्तिया प्रसिद्ध आहे, ती बिनकांद्याची आणि आतून इतकी पातळ की कापली की अंडं वाहतं. माझं मत कांद्याच्या बाजूने, आणि वाहतं अंडं आपल्या उकाड्यात आणि आपल्या अंड्यांना नको, मधोमध थोडी ओलसर राहिली तरी पुरे, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर पूर्णच शिजवा.

तर बटाटे निथळून पाच-सहा फेटलेल्या अंड्यांत गरम गरमच घालायचे, मीठ घालायचं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. घाईत ही पायरी गाळली जाते आणि मग टॉर्तिया कापताना बटाटे एकीकडे, अंडं दुसरीकडे. त्या मुरण्यात बटाट्याच्या उष्णतेने अंडं थोडं दाट होतं आणि दोन्ही एकजीव होतात. मग 20 सेंटीमीटरचा खोलगट नॉनस्टिक पॅन, चमचाभर तेल, मिश्रण ओतायचं, तीन-चार मिनिटं मध्यम आचेवर, कडा सुटल्या की पॅनपेक्षा मोठी ताटली वर उपडी घालून एका झटक्यात उलटायचं आणि कच्ची बाजू खाली करून परत पॅनमध्ये सरकवायचं, कडा चमच्याने आत दुमडायच्या म्हणजे गोल जाड वडीसारखा आकार येतो. पहिल्यांदा करताना सिंकवर धरून उलटा, आणि हातात नॅपकिन घ्या कारण कडेने गरम तेल ओघळतं. मोठा पॅन असेल तर अंडी वाढवा, नाहीतर पातळ ऑम्लेट होईल.

वेळेचं म्हणाल तर पपेता पर ईडू अर्ध्या तासात ताटात, टॉर्तियाला तास धरा. म्हणून ऑफिसच्या दिवशी पहिलं, रविवारी दुसरं. पण ईडू गरमच खायचं, ब्रून किंवा लादीपाव मोडून पिवळ्यात बुडवून, परत गरम केलं की पिवळं खडखडीत. टॉर्तिया मात्र कोमट जास्त छान लागते, स्पेनमध्ये ती सकाळी अकराच्या सुमाराला कॉफीबरोबर, नाहीतर पावात भरून, नाहीतर रात्री बारमध्ये, कधीही खातात, तिला नाश्ता असं कुणी बांधून ठेवलेलं नाही. डब्यात न्यायची तर पूर्ण शिजवून, फ्रिजमध्ये ठेवून, दुसऱ्या दिवशीच संपवा.

मजा म्हणजे दोन्हीकडचा शॉर्टकट एकच निघाला. फेरान आद्रिया या नामांकित स्पॅनिश शेफने पाकिटातले वेफर्स फेटलेल्या अंड्यात भिजवून टॉर्तिया करायची युक्ती लोकप्रिय केली, तेलात शिजवायची भानगडच नाही. आणि पारशी लोक सली नाहीतर वेफर्सवर अंडी फोडून कधीपासून खातायत. फरक पुन्हा तोच: तिकडे वेफर अंड्यात भिजून मऊ होतो, इकडे अंड्याखाली अर्धा मऊ अर्धा कुरकुरीत राहतो. दोन्हीत वेफर्स खारट असतात तेव्हा वरून मीठ घालू नका, आणि मसालेदार पाकीट तर अजिबात नको.

रात्रीच्या काचऱ्या उरल्या असतील तर विचार न करता सकाळी त्यावर ईडू करा, पाच-सात मिनिटांचं काम. त्याच काचऱ्यांची टॉर्तिया करायला जाऊ नका, त्या कोरड्या असतात, अंडं आत शिरत नाही, आणि हळद-मोहरीमुळे चवही धड इकडची ना तिकडची.